फ्रॅक्टलमधून संगीतरचना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

फ्रॅक्टल म्हटलं की डोळ्यांसमोर मँडेलब्रॉट संचाचं ते रंगीबेरंगी चित्र येतं, आणि या वाटेला नव्याने येणारे बहुतेक जण पहिली उडी तिथेच मारतात. चित्राच्या एकेका ओळीतले आकडे घ्यायचे, प्रत्येक आकड्याला एक स्वर लावायचा आणि वाजवून बघायचं. ऐकू येतं ते मांजर पेटीवरून चालत गेल्यासारखं. मग एक तर 'गणितातून संगीत होतच नाही' असा निष्कर्ष निघतो, नाहीतर ऐकणाऱ्यालाच कळत नाही असं ठरवून मोकळं व्हायचं.

गोम साधी आहे. फ्रॅक्टलच्या चित्रात भाग हा पूर्णासारखाच असतो, आणि ते साम्य डोळ्याला एका नजरेत दिसतं. कानाला एका वेळी एकच क्षण मिळतो, मागचं सगळं आठवणीत धरावं लागतं. त्यात चित्राची एकच ओळ उचलली की वरच्या-खालच्या ओळींशी असलेलं तिचं नातंही तुटतं. म्हणून आपण उलट्या टोकाने सुरुवात करणार आहोत: तीन-चार स्वरांचं बीज, त्यावर एक नियम, आणि प्रत्येक पायरीला 'हे ऐकू येतंय का?' हा एकच प्रश्न.

काय काय लागेल

- चौकटींची वही आणि पेन्सिल. पहिल्या चार पायऱ्या कागदावरच करा.
- पेटी, कीबोर्ड किंवा हाताशी असेल ते वाद्य
- मेट्रोनोम
- तीन वेगवेगळ्या रंगांचे फासे
- स्प्रेडशीट, कोणतीही चालेल
- पुढे जाऊन एखादं सॉफ्टवेअर. स्वरलेखन करायचं असेल तर म्यूझस्कोर, कोड लिहायची तयारी असेल तर सोनिक पाय किंवा पायथन. सगळी एकदम उतरवून घेऊ नका. महिनाभर मेनू समजून घेण्यातच जातो.

सप्तकातले स्वर आणि मात्रा मोजणं एवढं यायला हवं. गणितात बेरीज-वजाबाकी पुरते. संमिश्र संख्या, मिती, लॉगॅरिदम यांवाचून सध्या काही अडत नाही.

1. किती पातळ्या हव्यात ते आधी ठरवा

'फ्रॅक्टल' हा शब्द गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी 1975 साली रूढ केला. ज्या आकृतीचा छोटा तुकडा मोठा करून पाहिला तरी पूर्ण आकृतीसारखाच दिसतो, ती फ्रॅक्टल, एवढी कामचलाऊ व्याख्या आपल्याला पुरेशी आहे. गणितात हा खेळ अनंत पातळ्यांपर्यंत चालतो. संगीतात चालत नाही, आणि का ते सुरुवातीलाच समजून घेतलं तर पुढचा बराच वैताग वाचतो.

समजा एक स्वर पाव सेकंदाचा आहे. चार स्वरांची आकृती एक सेकंदाची झाली. अशा चार आकृत्यांची मोठी आकृती 4 सेकंदांची, त्याच्या वरची 16 सेकंदांची, त्याच्याही वरची 64 सेकंदांची. मिनिटाभरावर पसरलेला आकार 'हा तोच' म्हणून ओळखणं सरावलेल्या कानालाही अवघड जातं. आता खाली या. पाव सेकंदाचे चार तुकडे केले की एकेक स्वर सेकंदाच्या सोळाव्या भागाचा, म्हणजे जेमतेम धावती तान. आणखी एक पायरी खाली गेलात की सेकंदाला 64 आघात, आणि तेव्हा आघात हे आघात राहतच नाहीत, त्यांचा मिळून खर्जातला एक सलग स्वर ऐकू येतो.

थोडक्यात, तीन पातळ्या आरामात, चार ओढूनताणून. 'माझ्या रचनेत बारा पातळ्या आहेत' असं कोणी सांगितलं तर त्या कागदावर आहेत असं समजा.

2. चार स्वरांचं बीज पेरा

स्वरांना पायऱ्यांचे आकडे द्या: सा 0, रे 1, ग 2, म 3, प 4, ध 5, नी 6, तार सा 7. मंद्र नी उणे 1, मंद्र ध उणे 2. सध्या सगळे शुद्ध स्वर घ्या.

बीज म्हणून सा ग रे प घेऊ, म्हणजे 0, 2, 1, 4. नियम असा: बीजातल्या प्रत्येक स्वराच्या जागी, त्या स्वरापासून सुरू होणारं अख्खं बीज ठेवायचं. आकड्यांत सांगायचं तर त्या स्वराचा आकडा बीजाच्या चारही आकड्यांत मिळवायचा.

0 पासून: 0 2 1 4 — सा ग रे प
2 पासून: 2 4 3 6 — ग प म नी
1 पासून: 1 3 2 5 — रे म ग ध
4 पासून: 4 6 5 8 — प नी ध रें (तार)

ज्यांनी पलटे घोटले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. फरक एवढाच की पलट्यात आकृती एकेक स्वर चढत जाते. इथे ती कुठे जायचं हेसुद्धा बीजच ठरवतं. हे सोळा स्वर पुन्हा त्याच नियमातून काढले की 64 होतात. तिथे थांबा.

आता पडताळणी करा. सोळातला पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा स्वर वाचा: सा, ग, रे, प. दर चौथा स्वर उचलला की बीज परत मिळतं. 64 स्वरांच्या यादीतून दर चौथा उचलला की 16 स्वरांची यादी मिळायला हवी. मिळाली नाही तर कुठेतरी बेरीज चुकली आहे. ही तपासणी साधते कारण बीज 0 ने सुरू होतं. पहिल्या प्रयोगात ते तसंच ठेवा.

सापळा: पायऱ्या आणि अर्धस्वर यांची सरमिसळ. पियानोच्या पट्ट्या मोजून बेरीज केलीत तर सा ग रे प हे 0, 4, 2, 7 होतात, आणि ग पासूनचा गट 4, 8, 6, 11, म्हणजे ग, कोमल ध, तीव्र म, नी असा निघतो. तो आवाज हवा असेल तर अवश्य घ्या. पण ठरवून घ्या. अर्धी यादी एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने झाली की दर चौथ्या स्वराची तपासणी पासही होते आणि ऐकायला मात्र विचित्र लागतं, मग दोष सापडत नाही.

3. पातळ्या ऐकू येतील असं वाजवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. सोळा स्वर सारख्या जोराने, सारख्या लांबीने वाजवले तर एक सरळ ओळ ऐकू येते. आतली रचना असून नसल्यासारखी. ती वर आणायचे दोन उपाय आहेत.

पहिला उपाय आघाताचा. 64 स्वरांच्या यादीत प्रत्येक सोळाव्या स्वरावर सर्वांत मोठा आघात, प्रत्येक चौथ्यावर मध्यम, बाकीचे हलके. संगणकावर वाजवत असाल तर मिडीमधला (संगणक आणि वाद्यं स्वर आकड्यांत कळवतात ती पद्धत) जोर 0 ते 127 असतो. 105, 82 आणि 60 अशा तीन पायऱ्यांनी सुरुवात करा. ऐकताना एकदम मोठं बीज वर तरंगून येतं.

दुसरा उपाय थरांचा, आणि तो मला जास्त आवडतो. डाव्या हाताने किंवा दुसऱ्या वाद्यावर बीज चौपट सावकाश वाजवा: सा चार मात्रा, ग चार, रे चार, प चार. उजव्या हाताने त्याच वेळात सोळा स्वरांची ओळ. प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर दोन्ही आवाज एकाच स्वरावर भेटतात, मग वरचा भटकून येतो. हवं तर खर्जात सोळापट सावकाश तिसरा थर घाला. एकच चाल वेगवेगळ्या गतींनी एकाच वेळी गाण्याची कल्पना जुनी आहे: युरोपात पंधराव्या शतकात संगीतकार योहानेस ओकेगेमने अख्खी मिस्सा (चर्चमधल्या उपासनेची गायनरचना) अशा कॅननवर बांधली. फ्रॅक्टल हा शब्द यायला तेव्हा पाचशे वर्षं होती.

4. स्वर हाताबाहेर जाऊ देऊ नका

सा ग रे प हे बीज फक्त वरच चढतं. दुसऱ्या पातळीला ते तार रे पर्यंत गेलं. 64 स्वरांत सर्वांत वरचा आकडा 4+4+4, म्हणजे 12, तार ध. चौथ्या पातळीला 16, अतितार सप्तकातला ग. कीबोर्डवर निभेल, गळ्यात नाही.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे बीजच दोन्ही बाजूंना झुकणारं निवडणं. 0, 2, उणे 1, 1 घ्या: सा, ग, मंद्र नी, रे. 64 स्वरांत हे मंद्र प ते मध्य नी एवढ्यातच राहतं. दुसरा उपाय म्हणजे 7 ने भागून बाकी घेणं, म्हणजे सगळं एका सप्तकात दुमडणं. तो सोपा आहे म्हणून लोक लगेच धरतात, पण नी वरून तार सा ला जायचं तिथे चाल धाडकन मध्य सा वर आदळते आणि आकृतीचा आकार मोडतो. अगदी नाइलाज असेल तरच.

5. तयार मालिका वापरून बघा: नॉरगॉर यांची अनंत मालिका

डॅनिश संगीतकार पेअर नॉरगॉर यांना 1959 च्या सुमारास एक मालिका सापडली आणि त्यांनी ती अनेक वर्षं वापरली. 1970 ची त्यांची दुसरी सिंफनी तिच्यावरच उभी आहे. नियम दोनच. मालिका शून्याव्या स्थानापासून मोजायची आणि त्या स्थानी 0 ठेवायचा. सम स्थानावर त्याच्या निम्म्या स्थानावरचा आकडा चिन्ह उलटून लिहायचा. विषम स्थान असेल तर एक वजा करून निम्मं करायचं आणि तिथल्या आकड्यात 1 मिळवायचा.

पहिले सोळा आकडे असे येतात:

0, 1, −1, 2, 1, 0, −2, 3, −1, 2, 0, 1, 2, −1, −3, 4

पहिले आठ पेटीवर वाजवा: सा, रे, मंद्र नी, ग, रे, सा, मंद्र ध, म. दर चौथा आकडा उचला: 0, 1, −1, 2. तीच मालिका पुन्हा. दर दुसरा उचललात तर तीच उलटी, आरशात पाहिल्यासारखी. आणि ही मालिका अजिबात उधळत नाही: पहिल्या 1024 आकड्यांत सर्वांत वरचा 10 आणि सर्वांत खालचा उणे 9.

नवख्यांना मी हीच मालिका आधी सुचवते, कारण बीज निवडण्याची जबाबदारी डोक्यावर नसते आणि थरांचा खेळ लगेच खेळता येतो. एका वाद्याने सगळे स्वर, दुसऱ्याने दर चौथा, तिसऱ्याने दर सोळावा.

6. लयीत फ्रॅक्टल

स्वरांइतकीच लयही या पद्धतीने वाढवता येते, आणि माझ्या मते ती कानाला जास्त लवकर पटते.

*वाढणारी लगावली.* जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी 1968 साली वनस्पतींची वाढ मांडण्यासाठी अक्षरं बदलत जाणारी एक पद्धत दिली. तिचा सर्वांत साधा नियम लघु-गुरूंत लिहू: गा च्या जागी 'गा ल', ल च्या जागी 'गा'. गा पासून सुरुवात करा:

गा
गा ल
गा ल गा
गा ल गा गा ल
गा ल गा गा ल गा ल गा

गझल लिहिणाऱ्यांना चौथ्या ओळीत 'गालगागा' लगेच दिसेल. गुरूच्या दोन आणि लघूची एक मात्रा धरली तर ओळींच्या मात्रा 2, 3, 5, 8, 13 अशा येतात. लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना याच आकड्यांची रीत जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात लिहून ठेवली आहे. बाकीचं जग त्यांना फिबोनाची म्हणतं. आठ मात्रांची ओळ टाळीवर म्हणून बघा, मग तेराची. ठेका कधी पुरता पुनरावृत्त होत नाही, तरी अनोळखीही वाटत नाही.

*तिहाईची तिहाई.* तुकडा, दम (मधली विश्रांती), तुकडा, दम, तुकडा: हा तिहाईचा साचा. तुकडा एका आघाताचा आणि दम एका मात्रेचा धरला तर तिहाई पाच मात्रांची. आता ही पाच मात्रांची तिहाई हाच तुकडा माना आणि दमही पाच मात्रांचा करा. 25 मात्रांत नऊ आघात होतात:

X – X – X – – – – – X – X – X – – – – – X – X – X

तीनतालात हे नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उचला. नवव्या ते सोळाव्या मात्रेपर्यंत आठ, पुढचं आवर्तन सोळा, आणि पंचविसाव्या मात्रेवरचा शेवटचा आघात बरोबर समेवर. दुगुनीत पाचव्या मात्रेवरून उचलायचं. चक्रदारात, म्हणजे अख्खी तिहाईच तीनदा घेतात तिथे, हेच तत्त्व असतं. फक्त तिथे दोन तिहायांमधला दम सहसा लहान ठेवतात, इथे तो तुकड्याच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच पुढची पातळी, 125 मात्रांची, जपून. मध्ये सलग 25 मात्रा शांतता येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. ती जागा दुसऱ्या वाद्याला द्या.

7. फाशांची चाल

आतापर्यंत सगळं काटेकोर होतं. निसर्गातले फ्रॅक्टल मात्र असे नेमके नसतात. डोंगराची कडा स्वतःची हुबेहूब नक्कल करत नाही, फक्त खडबडीतपणाचा पोत सगळीकडे सारखा असतो. तसा पोत आणायला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड व्हॉस यांची फाशांची युक्ती आहे. व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी 1975 साली दाखवलं की रेडिओवरच्या संगीतातले आवाजाचे आणि स्वरांचे चढउतार ज्या प्रकारच्या गोंगाटासारखे वागतात, त्याला 'वन बाय एफ' म्हणतात.

करायचं असं. लाल फासा प्रत्येक स्वराला टाकायचा. निळा एक स्वर सोडून एक. पिवळा दर चौथ्या स्वराला. ज्याची पाळी नाही तो टेबलावर आहे तसाच राहू द्यायचा. दर वेळी तिघांची बेरीज लिहायची. ती 3 ते 18 मध्ये असते. 10 म्हणजे मध्य सा धरलात तर 3 हा मंद्र सा आणि 18 तार रे.

तुलनेसाठी आणखी दोन ओळी करा. एकीत तिन्ही फासे दर वेळी टाका: ओळ सैरभैर उड्या मारते. दुसरीत आधीच्या स्वरावरून नाणं टाकून एक पायरी वर किंवा खाली जा: ओळ तिथल्या तिथे घोटाळते, कंटाळा येतो. आधीची, पाळीपाळीने फासे टाकून केलेली ओळ या दोन्हींच्या मधोमध बसते. व्हॉस आणि क्लार्क यांच्या श्रोत्यांचाही कौल तसाच होता.

सापळा: तीन फाशांच्या बेरजेत 10 आणि 11 सर्वांत जास्त येतात, दोन्ही मिळून पाव वेळा. 3 किंवा 18 येण्याची शक्यता प्रत्येकी 216 मध्ये एक. म्हणून ज्या स्वरांवर रचना टेकायला हवी ते मधल्या बेरजांना द्या, आणि क्वचितच शोभणारे कडेला.

8. आता संगणक

कागदावर एकदा जमलं की हे काम पंधरा ओळींच्या कोडचं आहे. मिडीत मध्य सप्तकाचा सा, काळी-पांढरी पट्टी बाजूला ठेवून, 60 धरा. शुद्ध सप्तकाच्या पट्ट्या 0, 2, 4, 5, 7, 9, 11. पायरीला 7 ने भागा. भागाकार सप्तक सांगतो, बाकी स्वर.

अडतं ते उणे आकड्यांपाशी. उणे 1 ला 7 ने भागल्यावर पायथन आणि स्प्रेडशीट 6 ही बाकी देतात, तर जावास्क्रिप्ट आणि सी उणे 1 देतात. मंद्र नी गायब होतो, किंवा भलतंच काही वाजतं. साधा इलाज: भागण्याआधी पायरीत 70 मिळवा आणि शेवटी मिडी क्रमांकातून 120 वजा करा. मग कोणत्याही भाषेत उत्तर एकच.

अनंत मालिका तर कोडशिवायही होते: स्प्रेडशीटच्या एका स्तंभात स्थान, शेजारी दोन नियमांचं सूत्र, आणि हजार ओळी खाली ओढा.

9. छाटणी

नियमातून निघालं ते कच्चा माल. 64 स्वरांतले कदाचित वीस सलग स्वर कामाचे असतील; तेवढेच ठेवा. एखादा स्वर खटकतो? बदला. नियम मोडल्याने गणिताचा अपमान होत नाही. मात्र बदल सर्वांत खालच्या पातळीवर करा. सोळाव्या स्थानावरचा आधारस्वर हलवलात तर वरचा सगळा आकार सरकतो, आणि मग फ्रॅक्टल कशाला केलं हा प्रश्न उरतो.

राग हाताळणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. बीज भूपाच्या पाच स्वरांवर बसवलं म्हणून भूप होत नाही. नियमाला आरोह-अवरोह, न्यासाचे स्वर, पकड यातलं काही ठाऊक नसतं. वक्र चलनाच्या रागात तर तो पहिल्याच ओळीत राग मोडेल. पाच स्वर जरूर घ्या, ते एकमेकांशी सहसा भांडत नाहीत. पण रचनेला रागाचं नाव देऊ नका, किंवा मग रागाच्या चलनातूनच बीज घेऊन प्रत्येक गट हाताने सुधारा.

गळ्यासाठी किंवा बासरीसाठी लिहीत असाल तर श्वासाच्या जागा आधी राखा. मालिका कुठेच थांबत नाही, माणसाला थांबावं लागतं. दुसऱ्या पातळीच्या सांध्यावर, म्हणजे दर सोळा स्वरांनंतर, एक-दोन मात्रा मोकळ्या सोडल्या की श्वासही होतो आणि सांधाही ऐकू येतो. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर बीज, नियम, पातळ्या, सा ची पट्टी आणि हाताने केलेले बदल लिहून ठेवा. फाशांची ओळ असेल तर पडलेले सगळे आकडेसुद्धा, कारण ती ओळ पुन्हा तशीच पडणार नाही.